गुळवेकाकांची तार

गुळवेकाकांच्या हाताला कुठलाही पातळ पदार्थ लागला की ते त्याची तार बघायचे. अंगठा आणि पहिलं बोट त्यात बुडवायचं, दोन्ही एकमेकांवर टेकवायची, मग हळूच फाकवायची आणि मध्ये धागा निघतो का ते उजेडाकडे धरून, डोळे बारीक करून पाहायचं. कँटीनचं वरण असो, फिटरच्या डब्यातलं ऑइल असो, त्यांच्या तपासणीतून काहीच सुटायचं नाही. करोनाच्या दिवसांत गेटवरचा सिक्युरिटीवाला सगळ्यांच्या हातांवर सॅनिटायझर टाकायचा. बाकीचे हात चोळत आत जायचे. काका तिथेच उभे राहून तार बघायचे. "ह्यात काय बी न्हाई. निस्तं पाणी हाय," असा निकाल दिला की मगच आत. मागे रांग खोळंबलेली असायची आणि तो सिक्युरिटीवाला रोज नव्याने चिडायचा.

काका आता नाहीत. त्यांच्याविषयी लिहायचं कितीदा मनात आलं आणि कितीदा टाळलं. कारण काकांविषयी लिहायचं तर तारेविषयी लिहावं लागतं, आणि तारेविषयी लिहायला बसलं की माझ्याविषयी लिहावंच लागतं. ते मला नको होतं. कुणाला हवं असतं?

आमची कंपनी निघोज्याच्या पुढे होती. गाड्यांचे प्लास्टिकचे भाग बनायचे तिथे. मी तिथे मेंटेनन्सला नवीन लागले होते, कासारवाडीहून कंपनीच्या बसने जायचे. वडील आयुष्यभर कंपन्यांमध्येच राबले, पण कुठल्याच कंपनीने त्यांना कायम केलं नाही. मी घरातली पहिली इंजिनिअर. बसची वेळ झाली की वडील माझ्याआधी बूट घालून तयार असायचे, मला स्टॉपवर सोडायला, जणू मी पहिलीत होते. माझं प्रोबेशन चालू होतं आणि त्या एका शब्दाभोवती आमचं अख्खं घर फिरत होतं.

कंपनीत चार शेड होत्या तोवर आग विझवायच्या पाण्याची लाइन पुरत होती. मग पाचवी शेड बांधली, अगदी कंपाउंडच्या टोकाला, आणि तिथवर पाइप मात्र जुन्याच जाडीचा ओढला. पाणी तिथे पोचेपर्यंत दमून जायचं. होज उघडला की धार भिंतीच्या मध्यावर आपटून खाली यायची. त्या भिंतीवर छपराच्या जरा खाली शेडचा नंबर रंगवलेला होता, माणसाच्या उंचीचा पाचाचा आकडा. तपासणीला आलेल्या माणसाने त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, "धार तिथपर्यंत गेली पाहिजे." जाड पाइप टाकायचा म्हणजे सगळा रस्ता खणायचा. साहेबांना ते नको होतं, तेव्हा कुणीतरी त्यांना पावडर सुचवली.

ही पावडर दिसायला बारीक रव्यासारखी. पाण्यात विरघळली की तिच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या पाण्यात सुट्या होतात. पाइपातून जोरात जाणारं पाणी सरळ जात नाही. ते आतल्या आत भोवरे करत, पाइपाला घासत, धुमाकूळ घालत जातं आणि पंपाने दिलेला बराचसा जोर त्यातच संपतो. या साखळ्या भोवऱ्यात सापडल्या की ताणल्या जातात, भोवऱ्यांचा जोर मोडतो आणि तेच पाणी, त्याच पंपावर, त्याच पाइपातून पुढे जातं. पावडर लागते ती इतकी कमी की ऐकणाऱ्याला खोटं वाटावं. मी हे कॉलेजात शिकले होते, पण परीक्षेपुरतं.

पावडर विकणाऱ्या कंपनीचा माणूस द्रावण कसं करायचं ते दाखवून गेला आणि दुसऱ्या दिवशी आमच्या फिटर लोकांनी पोतं उघडून पावडर टाकीत ओतली. झालं. बोराएवढ्या गाठी. बाहेरून बुळबुळीत, आत कोरडी पावडर. तीन दिवस हाच प्रकार. चौथ्या दिवशी पंप-हाउसच्या दारात एक माणूस उभा राहिला. पन्नाशीचा, काटक, कंत्राटदाराकडून गवत काढायला आलेला. "मी बगू का?" एवढंच म्हणाला. फिटर हसले. त्याने मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं, हात धुतला, एका हाताने लाकडी दांड्याने पाणी सावकाश फिरवायला लागला आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून पावडर भुरभुरवत राहिला. सगळं कसं संथ, पाऊण तास. मग म्हणाला, "आता ह्याला कुनी हात लावू नका. उद्यापतुर भिजू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीत बोटं बुडवून त्याने ती फाकवली, तेव्हा मधे वीतभर धागा लोंबत होता, उन्हात चमकणारा. हसणारे फिटर पुढे वाकून बघायला लागले.

हा माणूस कराडच्या बाजूचा गुळव्या होता. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवून गूळ करणारा कारागीर. पाकाला तार आली का, कधी काहील उतरवायची, हे त्याच्या बोटांवर ठरायचं. रसातली मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तोही तोच करायचा. आजूबाजूची गुऱ्हाळं एकेक करून बंद पडली तेव्हा तो गावातल्या लोकांबरोबर इकडे आला आणि गवत काढायला लागला. गेटपासवर त्यांचं नाव काही वेगळंच होतं, पण त्या सकाळपासून ते सगळ्यांचे गुळवेकाका झाले आणि पंप-हाउस त्यांचं झालं.

घाईचा त्यांना मनापासून राग होता. साहेबांनी एकदा हौसेने विजेवर फिरणारा ढवळणीचा पंखा आणून टाकीवर बसवला. काकांनी त्याच्या प्लगला फडकं गुंडाळून गाठ मारून ठेवली. मी विचारलं तर म्हणाले, "जोरात फिरलं की तार तुटती, ताई. आनी एकदा तुटली की पुन्ना येत न्हाई. परत नवीनच भिजवावं लागतं." मी पुस्तकात पाहिलं. अक्षरशः तेच लिहिलेलं होतं, फक्त दोन पानं लागली होती लेखकाला.

मला शिकवायची त्यांना हौस होती आणि इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच ऐकणारा माणूस मिळाला होता. त्यांचं शास्त्र साधं होतं. "पाण्याला पायपात भांडायची सवय हाय. समद्यांना आधी जायचं असतंय. ही तार त्यास्नी हाताला धरून न्हेती." ते नळीतली साधी धार आणि पावडरची धार शेजारी शेजारी सोडून दाखवायचे. साधी धार लगेच फिसकटायची, तुषार व्हायची. पावडरची धार दूरवर काचेच्या कांडीसारखी एकसंध जायची. तिला ते कांडीच म्हणायचे. महिन्यातून एकदा पाचव्या शेडसमोर चाचणी असायची. कांडी सरळ वर जाऊन भिंतीवरचा पाच ओला करायची आणि काका माझ्याकडे असे बघायचे की जणू तो आकडा त्यांनीच रंगवला होता.

रोज सकाळी मी पंप-हाउसमध्ये गेले की आधी तार दाखवायचे. "बगून घ्या ताई. मागनं म्हनू नका." मी हसून "बघितली काका" म्हणायचे. आणि निघताना त्यांचा एक ठरलेला प्रश्न असायचा, "अजून काय, ताई?" आपल्याकडे 'अजून काय' म्हणजे बोलणं संपलं, आता निघा. काकांचं तसं नव्हतं. ते विचारायचे आणि खरोखर उत्तराची वाट बघायचे. त्यामुळे मी त्यांना काय काय सांगितलं असेल! वडिलांचा गुडघा, बघायला आलेली स्थळं, साहेबांची बोलणी. सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी "हं" म्हणून दांडा हातात घ्यायचे.

आता माझी गोष्ट.

द्रावणाची टाकी होती तिथून ते मुख्य पाइपात सोडायला एक छोटा पंप होता. मोठ्या पंपाच्या पुढे, जिथे पाण्याला भरपूर दाब असतो, तिथे ते दाबून घालावं लागायचं. हा छोटा पंप सारखा बिघडायचा. गळायचा, त्याचे भाग वेळेवर यायचे नाहीत आणि दर सोमवारच्या मीटिंगला साहेब मला सगळ्यांसमोर झापायचे. एका सोमवारी मला युक्ती सुचली. द्रावणाची नळी मोठ्या पंपाच्या पुढे कशाला? ती पंपाच्या आधी जोडायची. मोठा पंप पाण्याच्या टाकीतून पाणी खेचतो, तसं द्रावणही आपोआप खेचून घेईल. छोट्या पंपाची गरजच नाही. मी फळ्यावर आकृती काढून दाखवली. साहेब खूश. "वा! हे आधी कुणाला का नाही सुचलं? कटकटच मिटली," असं म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. घरी जाऊन मी ते तीनदा सांगितलं. वडिलांनी तिन्ही वेळा नव्याने ऐकलं.

नळी बदलली त्या दिवशी काका नवा जोड हाताने चाचपून गेले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत एका स्टीलच्या ग्लासात द्रावण घेऊन ते मला कँटीनमध्ये घेऊन गेले. आचाऱ्याला म्हणाले, "मिक्सर दे रं जरा." खोबऱ्याची चटणी करायचा मोठा मिक्सर. काकांनी आधी मला ग्लासातली तार दाखवली. वीतभर. मग द्रावण मिक्सरच्या भांड्यात ओतून बटण दाबलं, जरासंच फिरवलं आणि परत ग्लासात घेतलं. बोटं बुडवून फाकवली. काही नाही. पाणी. त्यांनी माझा हात धरून माझी बोटं त्यात बुडवली. मलाही काही लागलं नाही.

"रंग त्योच, वास त्योच," काका म्हणाले. "पर तार गेली. आपला पंप म्हंजे ह्यो मिक्सरच हाय, ताई. त्याच्या आतनं गेलं की संपलं. नळी पुन्ना पुढं घ्या."

आचारी मिक्सर धुवायच्या घाईत होता. मला समजलं होतं. मला अगदी पहिल्या क्षणी समजलं होतं, हे मी आज कबूल करते. साखळ्या पंपाच्या पात्यांत तुटत होत्या आणि पाचव्या शेडपर्यंत जात होतं ते साधं पाणी होतं. बदल केल्यावरची चाचणी पहिल्या शेडपाशी झाली होती, तिथे तर पावडर नसतानाही धार पुरायची; पाचव्या शेडची महिन्याची चाचणी अजून व्हायची होती. साहेबांना जाऊन सांगायचं होतं एवढंच, की माझं चुकलं. पण कन्फर्मेशनचं पत्र दिवाळीच्या आत यायचं होतं. मी म्हटलं, "काका, दिवाळीच्या शटडाउनला बदलू. आत्ता लाइन बंद ठेवता येणार नाही." लाइन अर्ध्या दिवसासाठी बंद ठेवता आली असती. काकांना ते माहीत होतं. ते "हं" म्हणाले आणि ग्लास धुवायला गेले.

शटडाउनला तीन आठवडे होते तेव्हा पाचव्या शेडला आग लागली. भरदुपारी, एका उघड्या पडलेल्या वायरमधून. आत पॅकिंगचा फोम आणि प्लास्टिकचे ट्रे रचलेले. माणसं सगळी वेळेवर बाहेर पडली. पण शेडच्या पाठीला लागून थिनरची खोली होती, तिची भिंत भिजत ठेवणं गरजेचं होतं, आणि त्यासाठी धार पाचाच्या आकड्यावरून पलीकडे जायला हवी होती. आमच्या आग विझवणाऱ्या टीममध्ये काका होते. त्यांनी होज उघडला. धार सुटली, फिसकटली आणि आकड्याच्या बऱ्याच खाली आपटली.

मी वीसेक फुटांवर उभी होते. काकांनी भिंतीकडे पाहिलं. मागे वळून एकदा माझ्याकडे पाहिलं. आणि मग होज खांद्यावर घट्ट धरून ते पुढे चालायला लागले. धार जितकी पावलं कमी पडत होती, तितकी पावलं ते आगीकडे चालत गेले. सेफ्टीवाले ओरडत होते, "काका, मागे या! मागे!" धार भिंतीवरून पलीकडे जायला लागली तेव्हाच ते थांबले. फायर ब्रिगेड येईपर्यंत ती खोली त्यांनी भिजत ठेवली. छपराचा वितळलेला प्लास्टिकचा पत्रा वरून खाली ठिबकत होता, त्यातला एक गोळा त्यांच्या उजव्या हातावर पडला. तरी होज सोडला नाही. तो सोडला असता तर थिनरची खोली पेटली असती आणि आज हे लिहायला मी असते की नाही कोण जाणे.

हात वाचला. बोटंही वाचली. पण अंगठा आणि पहिलं बोट, दोन्हींची कातडी नवीन आली ती तुळतुळीत, जाड आणि बधिर.

चौकशी पंधरा दिवसांनी झाली. धार कमी का पडली याचं कारण विमावाल्यांना लेखी हवं होतं. एसीच्या खोलीत साहेब, सेफ्टी ऑफिसर, मी आणि समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकलेले काका, कोपरापर्यंत बँडेज.

"द्रावण कोण बनवायचं?" सेफ्टी ऑफिसरने विचारलं.

"मी, साहेब."

"त्या दिवशी नीट झालं होतं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यासमोर पाइपलाइनचा नकाशा होता. त्यावर नवीन नळी मी स्वतः निळ्या पेनाने काढली होती, खाली माझी सही होती. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी त्या निळ्या रेघेकडे बघत बसले. मूग गिळून बसणं म्हणतात ते काय असतं ते त्या दिवशी कळलं.

"गाठी ऱ्हायल्या असतील, साहेब," काका म्हणाले.

सेफ्टी ऑफिसरने ते लिहून घेतलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी काका डाव्या हाताने ग्लास भरत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ते हळूच म्हणाले, "आता तरी नळी पंपाच्या पुढं घ्या, ताई." मी म्हटलं, "हो काका." त्यांनी पाणी प्यायलं. "अजून काय?" असं म्हणून ते थांबले. मी त्यांचा रिकामा ग्लास घेऊन पुन्हा भरून दिला.

नळी पुढे घ्यायची वेळच आली नाही. पावडरीचा काही उपयोग नाही, हा सगळा थोतांडाचा प्रकार होता, असं साहेबांनी ठरवलं. रस्ता खणून जाड पाइप टाकला. टाकी भंगारात गेली, ढवळायचा दांडा कुणीतरी शेडच्या दाराला अडसर म्हणून वापरला. खापर फुटलं ते काकांच्या डोक्यावर. कंत्राटदाराने त्यांचा पास नवा करून दिला नाही. शेवटच्या दिवशी पिशवी घेऊन गेटवर उभे होते, नेमका तोच सिक्युरिटीवाला ड्यूटीवर होता. मला म्हणाले, "मला काडलं, त्याचं काय न्हाई. वय बी झालंय. पर पावडर खोटी हाय म्हन्त्यात. ते मातर बरोबर न्हाई, ताई." एवढीच तक्रार केली. जो माणूस स्वतःवर सगळं ओढवून घेताना कचरला नाही, त्याला तारेची बदनामी सहन होत नव्हती.

माझं पत्र दिवाळीच्या चार दिवस आधी आलं. वडिलांनी कासारवाडीत चाळभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

काका गावी गेले. शेजारच्या गावातलं एक गुऱ्हाळ अजून चालू होतं, तिथे हंगामात त्यांना बोलवायचे. फोनवर म्हणाले होते, "बोटाला कळत न्हाई आता. तार मालकीण बघती, मी निस्तं बसून सांगतो." काकूंना ते मालकीण म्हणायचे. सणासुदीला मी फोन करायचे. दर वेळी ठरवून करायचे, की आज बोलायचं. इकडचं तिकडचं व्हायचं, पाऊस, ऊस, माझं लग्न, रावेतचा फ्लॅट. मग ते विचारायचे, "अजून काय, ताई?" आणि थांबायचे. फोनवर त्यांचा श्वास ऐकू यायचा, मागे कुठेतरी म्हैस, कुणाची तरी गाडी. मी म्हणायचे, "काही नाही काका. तब्येतीला जपा."

मग मी कंपनी बदलली. नव्या ठिकाणीही लांबच्या शेडला पाणी कमी पडत होतं. मी पावडर सुचवली, आणि नळी पंपाच्या पुढे जोडायचा हट्ट धरला. भांडले त्यासाठी. द्रावण मी स्वतः भिजवलं, घड्याळ काढून, चिमटीने भुरभुरवत. धार सुटली ती काचेच्या कांडीसारखी सरळ वर. मी तिथूनच काकांना व्हिडिओ कॉल लावला. ते अंगणात येऊन उभे राहिले, फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघत होते.

"कांडी बरी हाय," म्हणाले. "पावडर कोन भिजवतंय?"

"मीच, काका."

"मग गाठी ऱ्हायल्या असतील."

आणि ते हसले. मोठ्याने हसले. मीही हसले. टोमणा होता, की माफी होती, की नुसती चेष्टा, मला आजही ठरवता येत नाही. हसणं थांबलं तेव्हा त्यांनी विचारलं, "अजून काय, ताई?"

मागे धार चालू होती. माझी माणसं माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "काही नाही काका. तुम्हाला दाखवायचं होतं एवढंच."

मग "बरं बरं" म्हणाले आणि फोन ठेवायचं बटण शोधत त्यांचं ते बधिर बोट स्क्रीनवर दोन-तीनदा आपटलं.

तो आमचा शेवटचा फोन. ऊस तोडणीला आला त्या सुमाराला ते गेले, गुऱ्हाळावरच, बसल्या बसल्या. काकूंनी कळवलं. मी दहाव्यानंतर गेले. घरात आता काकू एकट्याच. पडवीत शेंगा फोडत होत्या, मला पाहून त्यांनी पाट पुढे सरकवला. या वेळी मी चहाचीही वाट पाहिली नाही. उभ्याउभ्याच सांगितलं. नळी, पंप, मिक्सर, चौकशी, सगळं. काकांची चूक नव्हती, माझी होती, हे मी मोठ्याने म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काकूंचा हात थांबला नाही. शेंग फोडत म्हणाल्या, "मला म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"हात भाजून घरी आलं, तवाच सांगितलं त्यांनी. म्हनले, पोरगी नवीन हाय, तिची नोकरी जाईल. सांगंल ती आपनहून एक दिस." त्यांनी दाणे सुपात टाकले. "तुमचा फोन आला की अंगनात जाऊन उभं ऱ्हायचे. आत आले की मी इचारायची, बोलल्या का? म्हनायचे, आज बी न्हाई."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला, येताना दोन लहान ढेपा गूळ बांधून दिला. मी बसमध्ये तो मांडीवर घेऊन बसले होते आणि रावेत येईपर्यंत माझे डोळे कोरडे झाले नाहीत.

साहेब निवृत्त झाले आहेत. त्या सेफ्टी ऑफिसरचा नंबर आता लागत नाही. जुन्या कंपनीला मी पत्र पाठवलं, त्याचं उत्तर आलेलं नाही, येईल असंही वाटत नाही. पाचवी शेड नव्याने बांधली, आकडाही नव्याने रंगवला म्हणे. ज्यांना सांगायला हवं होतं ते आता ऐकायला नाहीत, म्हणून जे कुणी वाचेल त्याला सांगते. द्रावणाची नळी पंपाच्या आधी मी जोडली होती. काकांच्या द्रावणात गाठी नव्हत्या. आग लागली त्या दिवशी सकाळी पंप-हाउसच्या दारात त्यांनी मला तार काढून दाखवली होती, नेहमीसारखीच, वीतभर. मी ती बघितली होती.